घासावर दर हिवाळ्यात परत येणारे काळे ठिपके: काय बघायचं आणि काय बदलायचं

कापणीला आठ-दहा दिवस उरलेले असतात आणि लसूणघासाची खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात. बांधावरून पाहिलं तर वाफा हिरवागार. मूठ धरून विळा लावला की कळतं, खालची वीतभर नुसती काडी आहे. जी पानं टिकलीत त्यांच्यावर मोहरीच्या दाण्याएवढे काळपट तपकिरी ठिपके. पुढच्या कापणीला जरा बरं वाटतं. मग चार दिवस आभाळ येतं, सकाळी धुकं धरतं, आणि पुन्हा तेच. औषध मारलं तरी येतं, नाही मारलं तरी येतं.

याचा हिशेब गोठ्यात कळतो. गाय पानं वेचून खाते आणि काड्या गव्हाणीत मागे ठेवते. घासातल्या प्रथिनांपैकी साधारण दोन तृतीयांश प्रथिनं पानांत असतात. म्हणजे डोक्यावरचं ओझं तेवढंच भरतं, पण ज्यासाठी घास लावला तो ऐवज वाफ्यातच गळून पडलेला असतो. मग पेंड वाढवावी लागते, आणि पेंडीचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचा वीस गुंठे घास प्रवरा नदीच्या पट्ट्यात, मध्यम काळ्या जमिनीत आहे. वाण आरएल-८८, म्हणजे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा बहुवर्षायू. गोठ्यात सात गाई. तीन हिवाळे हा त्रास काढल्यावर जे उमगलं ते इथे सविस्तर लिहितो. दर महिन्याला कुणीतरी पान हातात घेऊन विचारतं, "यावर कोणतं औषध?" आणि दोन वाक्यांत उत्तर देऊन भागत नाही.

आधी पान नीट बघा

घासावर दिसणारा प्रत्येक ठिपका एकाच रोगाचा नसतो. काही तर रोगाचेही नसतात. म्हणून औषधाच्या दुकानात जाण्याआधी सोनाराकडे असतं तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते स्वस्त असतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

हिवाळ्यात आपल्याकडे जो ठिपका परत परत येतो तो बहुतेक वेळा साधा पानठिपका असतो. बुरशीचं नाव स्युडोपेझिझा मेडिकॅजिनिस. त्याची ओळख अशी: ठिपके गोल, दोन-तीन मिलिमीटरचे, सुटे सुटे. कितीही झाले तरी एकमेकांत मिसळून मोठा डाग सहसा होत नाही. सुरुवात नेहमी खालच्या पानांपासून. जुना झालेला ठिपका पानाच्या वरच्या बाजूने भिंगाखाली धरला की मधोमध फिकट तपकिरी, मेणासारखी इवलीशी तबकडी उठलेली दिसते. हीच त्या बुरशीची बीजाणू उडवणारी भट्टी. ती तबकडी दिसली की शंका उरत नाही. रोपं याने मरत नाहीत. पानं पिवळी होऊन गळतात एवढंच, पण आपल्याला पानंच तर हवी असतात.

दुसरा एक ठिपका वरच्या कोवळ्या पानांवर येतो, कुणी मिरपूड भुरभुरावी तसा. नंतर तो वाढून डोळ्यासारखा दिसतो: आत फिकट, कडेला गडद, भोवती पिवळसर. हा लेप्टोस्फेरुलिना नावाच्या बुरशीचा. यात वाळलेलं पान काही दिवस काडीलाच लोंबत राहतं, साध्या पानठिपक्यासारखं पटकन गळत नाही. हा फरक लांबूनही ओळखता येतो. स्टेम्फिलियमचे डाग लांबट, मध्ये फिकट आणि भोवती पिवळी कडा असलेले. पावसाळ्याच्या दमट उकाड्यात राखाडी, धुरकट डाग आले आणि काड्याही काळवंडल्या, तर सर्कोस्पोरा समजा.

तांबेरा ओळखायला भिंगही लागत नाही. पान बोटात धरून चोळा. बोटाला विटकरी भुकटी लागली की तांबेरा. केवडा हा रोग मात्र फसवतो, कारण वरून ठिपका असा नसतोच. शेंड्याकडची पानं फिकट पिवळी होतात, कडा खाली मुडपतात. सकाळी दव असताना पान उलटून पाहा, खालच्या बाजूला जांभळट राखाडी लव दिसेल. दुपारी गेलात तर काहीच दिसणार नाही.

आता जे रोग नाहीत त्यांच्याबद्दल, कारण फवारणीचा पैसा इथेच सगळ्यात जास्त वाया जातो. पानाच्या कडेकडेने, रांगोळीचे ठिपके ओळीने द्यावेत तसे पांढरट बारीक ठिपके दिसले, मधला भाग हिरवा राहिला आणि हे जुन्या पानांवर जास्त असलं, तर ती पालाशची (पोटॅशची) कमतरता आहे. काळ्या जमिनीत पालाश भरपूर असतो असं धरून आपण तो घासाला देतच नाही. पण एक टन वाळलेल्या घासाबरोबर २० ते ३० किलो पालाश शेतातून निघून जातो, आणि बहुवर्षायू घास तर आपण वर्षभर कापतच असतो. तिसऱ्या वर्षी असे ठिपके दिसले तर आश्चर्य वाटायला नको. माती तपासून घ्या. बुरशीनाशकाने ते जाणार नाहीत.

पानाच्या टोकाकडून इंग्रजी व्हीच्या आकारात पिवळेपणा आत सरकत असेल तर तुडतुडे शोधा. सकाळी वाफ्यात हात फिरवला की उडतात. शेजारच्या रानात तणनाशक मारल्यावर दोन-चार दिवसांत एकाच बाजूच्या वाफ्यांवर पांढरे, भाजल्यासारखे डाग आले आणि नव्या फुटीवर काहीच नसलं, तर ते वाऱ्याने आलेलं औषध. त्यावर पुढच्या कापणीची वाट बघणं एवढाच उपाय.

डब्याची परीक्षा

भिंगाने ठरत नसेल तर घरी हे करून पाहा. पोळ्यांचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी कागद घालून पाण्याने ओला करा, पाणी साचू देऊ नका. त्यावर आगपेटीच्या काड्या आडव्या ठेवून त्यांवर आठ-दहा ठिपक्यांची पानं मांडा, म्हणजे पान ओल्या कागदाला टेकत नाही. झाकण लावून डबा घरात सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तिसऱ्या दिवशी भिंगाने बघा. साध्या पानठिपक्यातली तबकडी ओलाव्याने फुगून स्पष्ट वर येते. केवडा असेल तर पानाखाली लव उठते. डब्यात पानांवर पांढरा कापूस उगवला तर पान सडायला लागलंय, नवी पानं घेऊन परत करा. पालाशच्या किंवा तणनाशकाच्या ठिपक्यात काहीही उगवत नाही, डाग जसा होता तसाच राहतो. आमच्या चुलतीने पहिल्यांदा भिंगातून ती तबकडी पाहिली तेव्हा म्हणाली, "अगं बाई, हे तर डोळे मिचकावतंय!" तेव्हापासून घरातलं कुणीही ठिपका ओळखतं.

ओळख पटली की मोजायला लागा. मोजल्याशिवाय केलेला बदल लागू पडला की हवा बदलली म्हणून बरं वाटलं, हे कळत नाही. वाफ्यांतून नागमोडी चालत पन्नास काड्या तोडा. प्रत्येक काडीवर पेरं किती आणि त्यांपैकी बिनपानाची किती, एवढंच मोजायचं. दहा पेरांपैकी चार उघडी असतील तर चाळीस टक्के पानगळ. ठिपके मोजत बसू नका, ते माणसागणिक बदलतं. तारीख, कापणीनंतरचा दिवस, किती सकाळी धुकं होतं आणि पाणी कधी दिलं, हे वहीत शेजारी लिहा. दोन फेरांत चित्र दिसायला लागतं.

परत का येतो

आमच्या वहीत तीन गोष्टी एकाखाली एक आल्या.

पहिली पाण्याची. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तुषार संच रात्री अकराला सुरू व्हायचा. पानं ओली झाली की वर दव पडायचं, आणि सकाळी धुकं असेल तर साडेनऊ-दहापर्यंत पान वाळत नव्हतं. या बुरशीला हेच हवं असतं: थंड हवा आणि तासन्‌तास ओलं पान. गळलेल्या पानांवरच्या तबकड्या भिजल्या की बीजाणू वर उडवतात, ते खालच्या पानांवर बसतात, आणि ओलावा टिकला तर आत शिरतात. ठिपका दिसायला त्यानंतर आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणजे आज दिसणारा ठिपका हा मागच्या धुक्याचा हिशेब असतो.

दुसरी उशिरा कापणीची. गाई कमी झाल्या किंवा ऊसाचं वाढं स्वस्त मिळालं की घास राहतो. तीस दिवसांचा फेर चाळिसावर जातो. त्या दहा दिवसांत घास फार वाढत नाही. खालची ठिपक्यांची पानं मात्र गळून जमिनीवर थर करतात आणि तोच थर पुढच्या फुटीला लागण देतो.

तिसरी गोष्ट कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. आपण घास एकदम कापत नाही. रोज सकाळी गाईंपुरता एक वाफा, उद्या त्याच्या शेजारचा, असं करत महिनाभराने पहिल्या वाफ्यावर येतो. तीस वाफे असतील तर रानात एका दिवसापासून तीस दिवसांपर्यंतचा घास जिन्याच्या पायऱ्यांसारखा उभा असतो. आणि सगळ्यात जुना, ठिपक्यांनी भरलेला, पानं गाळणारा वाफा कुणाला लागून असतो? काल-परवा कापलेल्या, नव्या फुटव्यांच्या वाफ्याला. रोगाला रान कधी रिकामं सापडतच नाही. एक वाफा कापून आपण बुरशी उचलून नेतो, पण शेजारचा वाफा ती परत पेरतो. मोठ्या शेतीवर जिथे घास एकाच दिवशी यंत्राने कापून वाळवतात, तिथे कापणी हाच या रोगावरचा मुख्य उपाय धरला जातो. आपल्याकडे तीच कापणी रोज होते आणि तरीही रोग हटत नाही, याचं कारण हा जिना आहे.

आम्ही काय बदललं

जिना मोडायचा तर रोजची वैरण कुठून आणायची, हा प्रश्न पहिला येतो. आम्ही रानाचे तीन तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या मध्ये हत्ती गवताची एक ओळ आहे, तीही वैरणच. एका तुकड्यातला घास नऊ-दहा दिवसांत संपवायचा. त्यातल्या वाफ्यांत ठिपके दिसू लागले आणि आभाळ दाटलं, तर रोज एक वाफा करत बसायचं नाही. उरलेला सगळा तुकडा दोन दिवसांत कापून मोकळा करायचा. म्हणजे तुकड्यातली नवी फूट एका वयाची येते आणि तिच्या शेजारी जुना घास उभा राहत नाही.

जास्तीचा घास वाळवता येतो. पण तो फक्त उन्हात पसरून ठेवला तर पानं कुरकुरीत होऊन झडतात आणि हाती परत काड्याच येतात. उन्हात एक दुपार सुकवा, मग सावलीत पातळ थर करा, आणि उलटायचं तर सकाळी थोडा ओलावा असतानाच उलटा. ढगाळ दिवसांत वाळवणं जमत नाही. तेव्हा मक्याच्या कुट्टीत मिसळून मूरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेली वैरण, करा. नुसत्या घासाचा मूरघास नीट होत नाही, कारण त्यात साखर कमी असते. मक्याची साखर तो आंबवून घेते.

लवकर कापताना दोन गोष्टी सांभाळा. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी कापलेला कोवळा घास गाईला ताजा आणि दवाचा ओला घातला तर पोट फुगतं. हे मी जोर देऊन सांगतो, कारण पोटफुगीने गाय काही तासांत हातची जाते. घास कापून चार-पाच तास सुकू द्या, आधी कडबा किंवा वाळलेली वैरण घाला, मग घास द्या. दुसरी गोष्ट घासाच्या मुळांची. प्रत्येक फेर लवकर कापत राहिलात तर मुळांतला साठा भरून निघत नाही आणि बुडखे विरळ होतात. म्हणून एक फेर लवकर कापला की पुढचा फेर थोडी फुलं दिसेपर्यंत, साधारण दहापैकी एका काडीवर फूल येईपर्यंत, उभा ठेवा. विळा जमिनीला घासून नको, तीन बोटं वर ठेवा.

कापलेल्या तुकड्यातली गळलेली पानं खराट्याने सैल गोळा करून उकिरड्याच्या खड्ड्यात खोल टाकतो. वीस गुंठ्यांत हे जमतं. एकरभर असेल तर निदान ज्या वाफ्यांत थर दिसतोय तिथे करा.

पाण्याचं म्हणाल तर रात्रपाळीच्या आठवड्यात तुषार बंद, पाटाने दारं धरून पाणी. पान कोरडं राहतं, जमीन भिजते. दिवसपाळीत तुषार सकाळी दहानंतर सुरू आणि तीनच्या आत बंद, म्हणजे दव पडायच्या आधी पान वाळतं. ज्यांच्याकडे फक्त तुषारच आहे त्यांनी रोज थोडं थोडं देण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर द्या. ओल्या दिवसांची संख्या कमी होणं महत्त्वाचं. सकाळी दव असताना ठिपक्यांच्या वाफ्यातून निरोगी वाफ्यात जाऊ नका. कापायची सुरुवातही चांगल्या बाजूने करा.

फवारणीबद्दल

पहिल्या हिवाळ्यात मी फवारणी केली होती. दुकानातून बुरशीनाशक आणलं, पुडीवर लसूणघासाचं नावच नव्हतं. द्राक्षाचा आणि बटाट्याचा काढणीपूर्व काळ लिहिलेला होता. जोखीम नको म्हणून ते वाफे तेवढे दिवस कापले नाहीत. तेवढ्यात खालची पानं गळून गेली. जे वाचवायला फवारलं तेच वाट बघताना गेलं.

घासाच्या बाबतीत गणितच बसत नाही. ठिपका दिसतो तोवर लागण होऊन आठवडा-दोन आठवडे झालेले असतात, फेर एकूण महिन्याचा, आणि फवारलेला घास त्याच आठवड्यात गाईच्या पोटातून दुधात जाणार. ते दूध आपल्याच घरची पोरं पितात. लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आणि काढणीपूर्व काळ नसेल तर ते औषध वैरणीवर मारू नका, दुकानदार काहीही म्हणो. तांब्याच्या औषधांबद्दल आणखी एक: मेंढ्यांना तांबं फार सोसत नाही, ते यकृतात साठत जातं आणि मग अचानक मेंढी दगावते. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलेला घास मेंढ्यांपुढे कधीही टाकू नका. बियाण्यासाठी राखलेला घास जनावरांना घालायचा नसतो, तिथला निर्णय वेगळा. तो तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला पान दाखवून घ्या.

ठिपक्यांचा घास खायला घालावा का

घालता येतो. साध्या पानठिपक्याने घास विषारी होत नाही, पोषण कमी होतं. पण एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पानांवर बुरशी बसली की घास कुमेस्ट्रॉल नावाचं द्रव्य जास्त तयार करतो. ते जनावराच्या शरीरात मादी संप्रेरकासारखं वागतं. मेंढ्यांच्या गाभण राहण्यावर त्याचा परिणाम होतो. म्हणून पैदाशीच्या दिवसांत मेंढ्यांना ठिपक्यांनी भरलेला घास मुख्य वैरण म्हणून नको. गाई उलटत असतील, म्हणजे भरवूनही गाभण राहत नसतील, तर पशुवैद्यकाला बाकीच्या तपासण्यांबरोबर वैरणीबद्दलही सांगा. कापून ढीग मारलेला, गरम झालेला, बुरसटलेला घास मात्र कोणत्याही जनावराला घालू नका. तो प्रश्न पानठिपक्याचा नाही, पण याच ओल्या आठवड्यांत येतो.

मका आणि कडवळावरचे (चाऱ्याच्या ज्वारीवरचे) डाग पाहून काहीजण घाबरतात की तिकडून घासाला लागण होईल. होत नाही. आफ्रिकन टॉल मक्यावर होडीसारखे लांबोळे राखाडी करपे येतात ते टर्सिकम, कडवळावर लालसर ठिपक्यांत काळे बिंदू दिसतात तो अँथ्रॅक्नोज. दोन्हींच्या बुरशा गवतवर्गातल्या पिकांवरच जगतात, घासावरची बुरशी घासावरच. म्हणूनच फेरपालटाला ही पिकं उपयोगी पडतात. मक्यावरचा करपा वर चढायला लागला की कणसाची वाट न पाहता कुट्टी करून मूरघासात घालायचा.

इतकं करूनही चौथ्या वर्षी बुडखे विरळ झाले, मधे तण घुसलं आणि पानगळ थांबत नसेल तर तो घास मोडा. त्याच जागी लगेच घास पेरू नका. जुन्या घासाची मुळं आणि पाला जमिनीत जे सोडतात त्याने नव्या घासाची उगवण आणि वाढ खुंटते, आणि बुरशीचा पाचोळाही तिथेच असतो. दोन वर्षं मका, कडवळ, ओट घ्या. नवा घास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या तुकड्यात, जुन्या घासापासून जमेल तितका लांब पेरा.

आमचा सर्वांत जुना तुकडा या मार्चमध्ये मोडणार आहे. तोवर त्याचा घास सगळ्यात आधी कापायचा आणि वहीतलं त्याचं पान वेगळं ठेवायचं, एवढं घरात ठरलंय. पन्नास काड्या मोजायचं काम आता चुलतीकडे आहे.